चि. मानस यांच्या रजेबाबत

रविवारी सकाळी साडेसहाला निफाडकरांकडे सगळे जागे होते. ज्याची ट्रायल होती तोच तेवढा ढाराढूर झोपला होता, आणि तोही फुटबॉलच्या पूर्ण ड्रेसमध्ये. हेमांगीने शनिवारीच जेवण झाल्यावर त्याला जर्सी, चड्डी, गुडघ्यापर्यंतचे मोजे असं सगळं चढवून पलंगावर टाकलं होतं. सकाळची दहा मिनिटं वाचतात म्हणे.

"बूट तरी काढलेस ना गं?" सरलाबाईंनी ओट्यापाशी काम करता करता विचारलं.

"बूट दाराशी आहेत, आई. नाड्या सैल करून ठेवल्यात."

"धन्य आहे."

ट्रायल होती अंडर फाइव्हच्या एलीट बॅचची. हो, पाच वर्षांखालच्या मुलांची एलीट बॅच. दिल्लीत असते. ज्यांना अजून आपलं नाक आपण शिंकरता येत नाही त्यांच्यातले उत्तम आठ निवडायचे आणि सोमवार ते शुक्रवार, चार ते साडेसहा, त्यांना घडवायचं. मानसला पाच पूर्ण व्हायला एकोणतीस दिवस उरले होते. ते हेमांगीने कॅलेंडरवर मोजलेले होते.

ह्यात तिचं काय अडलं होतं ते घरात फक्त तिच्या नवऱ्याला, इंद्रजितला, माहीत होतं, आणि तोही विसरला असावा. लहानपणी साताऱ्याला हेमांगी दोनशे मीटर पळायची. अकराव्या वर्षी वडील तिला जिल्ह्याच्या शिबिराला घेऊन गेले. तिथल्या सरांनी तिला दोनदा पळवलं, घड्याळ बघितलं आणि वडिलांना म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण उशिरा आणलीत." वडिलांनी मान डोलावली आणि परत येताना तिला भेळ खाऊ घातली. भेळ उत्तम होती. पण ते वाक्य तिला आज छत्तिसाव्या वर्षीही जसंच्या तसं टोचायचं. माझ्या पोराबद्दल हे कुणी म्हणता कामा नये, एवढंच तिला हवं होतं.

बाहेरच्या खोलीत आप्पा, म्हणजे दत्तात्रय निफाडकर, स्वेटर-मफलर घालून तयार बसले होते. केंद्र सरकारात छत्तीस वर्षं काढून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेला माणूस. आता क्वार्टर मुलाच्या नावावर होतं, पण शिस्त अजून आप्पांचीच. त्यांचं आणि सुनेचं नऊ वर्षांत एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि ह्याचं सगळ्या नात्यागोत्यात भारी कौतुक होतं. खरी गोष्ट अशी की आप्पा तिच्याशी थेट बोलतच नसत.

"तिला विचार, चहा घेणार का," ते आत्ताही सरलाबाईंना म्हणाले. ती तीन फुटांवर पाण्याची बाटली भरत होती.

"घेते, आप्पा," हेमांगी म्हणाली.

"घेते म्हणतेय," सरलाबाईंनी निरोप पोचवला.

हेमांगी गाडी काढायला खाली गेली आणि सरलाबाईंनी दार लोटून घेतलं. सकाळपासून त्या हीच संधी बघत होत्या. कारण साधं होतं. मंगळवार-गुरुवार नातवाला ऑटोने अकॅडमीत नेण्याचं काम आप्पांचं. आणि मानसने गेल्या सहा आठवड्यांत चेंडूला पाय लावलेला नव्हता. आजोबा-नातू त्या दोन्ही दिवशी चार वाजता खाली उतरायचे ते टॉवरमागच्या पार्कात. तिथे कॉलनीतली आठ-दहा पोरं गोळा करून आप्पा त्यांना खो-खो शिकवत होते. सहा वाजता दोघं लालबुंद होऊन परत यायचे, एकेक थालीपीठ खायचे आणि हेमांगी यायच्या आत हातपाय धुऊन बसायचे.

"अहो, आता तरी सांगा तिला," सरलाबाई म्हणाल्या. "तिथे गेल्यावर तोंडघशी पडेल बिचारी."

"मी कळवलेलं आहे."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. लेखी." आप्पांनी मफलर नीट केला. "आक्षेप आलेला नाही. सहा आठवड्यांत आक्षेप नाही म्हणजे संमती."

सरलाबाईंना हायसं वाटलं. आपली सून एवढ्या मोठ्या मनाची आहे हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, असंही वाटलं. त्यांनी झोपाळू मानसच्या हातावर दही-साखर ठेवली. त्याने ती जर्सीला पुसली.

मैदान मुनिरक्याच्या पुढे होतं. फेब्रुवारी संपत आला होता आणि हवा चक्क बरी होती, म्हणजे फोनवरचा प्रदूषणाचा आकडा बघून लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते. आप्पांची लेक सलोनी नोएडाहून आधीच येऊन फोल्डिंगच्या खुर्चीत बसली होती.

"पूर्वीला नाही आणलंस?" इंद्रजितने बहिणीला विचारलं.

"झोपलीय. ती रिटायर झाली ना यार." सलोनीची पूर्वी सात वर्षांची होती. चौथ्या वर्षी स्केटिंग, पाचव्या वर्षी तीन मेडल, सहाव्या वर्षी मोडलेलं मनगट, आणि सातव्या वर्षी तिने जाहीर केलं होतं की आता आपण फक्त चित्रं काढणार. त्या तीन मेडलांचे फोटो मात्र फॅमिली ग्रुपवर अजून अधूनमधून यायचे, आणि ते आले की हेमांगी आठवडाभर मानसला जास्त अंडी खाऊ घालायची.

दोरीपाशी अकॅडमीची एक बाई पालकांना लॉलीपॉप वाटत होती. नियमच होता. मॅच चालू असताना आईबापांनी ओरडायचं नाही, म्हणून प्रत्येकाच्या तोंडात एकेक लॉलीपॉप. चाळीसेक प्रौढ माणसं गंभीर चेहऱ्याने चोखत उभी होती. आप्पांच्या हातातला सरलाबाईंनी काढून घेतला, त्यांना डायबेटिस होता.

इंद्रजित नारंगी लॉलीपॉप गालात सरकवून बायकोकडे चोरून बघत होता. आप्पांची ती ईमेल त्यालाही आली होती. त्याने ती ऑफिसात वाचली, हसला आणि मग त्याला घाम फुटला. हेमांगीचंही नाव वर होतंच. तिने विषय काढला नाही, म्हणून त्याने काढला नाही. रोज वाटायचं, विचारावं. रोज वाटायचं, जाऊ दे, चांगलं चाललंय ना. आता तिला बुटांच्या टोकांवर उभं राहून पोराला अंगठा दाखवताना बघून त्याला पहिल्यांदा शंका आली की हिला काही म्हणजे काहीच माहीत नाही.

"हेमा," तो म्हणाला, "एक मिनिट..."

"सर, लॉलीपॉप अंदर," ती बाई म्हणाली.

शिट्टी वाजली. पाचाविरुद्ध पाच. नऊ मुलं चेंडूकडे धावली. दहावा मानस मैदानाच्या बरोब्बर मध्यावर गेला, चेंडूकडे पाठ केली आणि उकिडवा बसला. दोन्ही हात पुढे टेकवलेले, नजर समोर.

"बूट चावतोय का त्याला?" हेमांगी म्हणाली.

चेंडू मानसच्या कानावरून गेला. त्याने ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या टीमचा एक गुबगुबीत पोरगा धापा टाकत त्याच्यापाशी थांबला.

"तू क्यों बैठा है?"

"मेरी बारी नहीं आयी. खो आएगा तब उठेंगे. तू भी बैठ. उधर मुँह करके."

त्या पोराने विचार केला. दोन मिनिटं धावून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता आणि बसायचं ही कल्पना त्याला एकदम पटली. तो बसला. त्याला बघून दोन वेण्यांची एक मुलगी बसली. मग निळ्या टोपीवाला बसला. "ऐसे नहीं, उल्टा," म्हणत मानसने उठून सगळ्यांची तोंडं एकाआड एक वळवून दिली. चार मिनिटांत आठ मुलांची सरळ रांग मैदानात बसली होती. एक भेदरलेला गोलकीपर पळत होता, आणि मानस त्याच्यामागे. चेंडू एकटाच कॉर्नरला जाऊन पडला होता.

"खो!" मानसने गुबगुबीत पोराच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या जागी बसला. पोरगा असा उठला की जणू आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी कामावर घेतलं होतं.

दोरीच्या बाहेर लॉलीपॉप पटापट तोंडाबाहेर आले. "आरुष, गेट अप!" "बेटा, बॉल! बॉल किधर है?" "कियारा, फोकस!" एक बाप मोबाइलच्या स्टँडसकट आत घुसू पाहत होता. सलोनी खुर्चीत दुमडून हसत होती.

आणि तेवढ्यात गुबगुबीत पोराने भलत्याच बाजूला वळण घेतलं. आप्पांना ते बघवलं नाही.

"फाऊल! फाऊल!" ते दोरीला धरून गरजले. "दिशा बदलू नको! खांबाला वळसा घाल, मगच फिर! मानस, सांग त्याला! काय शिकवलं मी तुला?"

हेमांगीने हळूच मान वळवली.

"आप्पा?" ती म्हणाली. "तुम्ही शिकवलं?"

कोच धावत आला. कोवळा मुलगा होता, गळ्यात दोन शिट्ट्या. "मैडम, ये क्या सिखा रहे हैं आप लोग घर पे?"

"घर पे? आपके यहाँ आता है बच्चा, हफ़्ते में दो दिन!"

"हमारे यहाँ?" कोच गोंधळला. "मैडम, बच्चा तो छह हफ़्ते से छुट्टी पे है. बाक़ायदा अर्ज़ी आयी है. आपको कॉपी है उसमें."

आप्पांनी समाधानाने मान हलवली. हेमांगीने फोन काढला. आप्पांच्या ईमेलसाठी तिने तीन वर्षांपूर्वी एक वेगळा कप्पा करून ठेवला होता. रोज पहाटे येणारे सुविचार, हळदीचे फायदे, मोबाइलच्या किरणांचे तोटे, सगळं परस्पर तिथे जाऊन पडायचं. न वाचलेल्या चारशे सतरा होत्या. 'कोमट पाण्याचे अकरा उपयोग' आणि 'हृदयविकार ओळखा' यांच्या मधोमध ती सापडली. हेमांगीने मोठ्याने वाचली.

"विषय: चिरंजीव मानस इंद्रजित निफाडकर, आयु चार वर्ष नौ माह, के अवकाश के संबंध में. महोदय, उपर्युक्त विषय में निवेदन है कि उक्त बालक अपरिहार्य पारिवारिक कारणों से आगामी आदेश तक..." ती थांबली. "आगामी आदेश तक? कुणाच्या आदेशापर्यंत, आप्पा?"

"तशी पद्धत असते," आप्पा सरलाबाईंकडे बघून म्हणाले.

"प्रतिलिपि सूचनार्थ," हेमांगी पुढे वाचत गेली. "एक, श्रीमती हेमांगी. दोन, श्री इंद्रजित. तीन, सौ. सलोनी. चार, कार्यालय प्रति." तिने फोन खाली केला. "इंद्रजित?"

"मला वाटलं तुला माहीत आहे," इंद्रजित म्हणाला. लॉलीपॉपमुळे ते नीट ऐकू आलं नाही. त्याने काढला आणि परत म्हणाला.

"सलोनी?"

"मी तर उत्तर पण पाठवलं वहिनी. 'मंजूर' म्हणून."

"आई, तुम्ही?"

"मला कुठे ईमेल आहे गं," सरलाबाई कळवळून म्हणाल्या. "मला ह्यांनी आज सकाळी सांगितलं, तुला लेखी कळवलंय म्हणून."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना." हेमांगीचा आवाज अचानक बारीक झाला. "छान. मी दर मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी त्याला विचारायचे, आज काय शिकलास? तो म्हणायचा, पळायला. मी खूश व्हायचे. तुम्ही सगळे तिथे बसून ऐकत होतात."

सलोनीने हसणं आवरलं आणि खुर्चीतून उठली. एका मिनिटापूर्वी ती आप्पांच्या बाजूने होती. आता वहिनीशेजारी येऊन उभी राहिली. "हे मात्र चुकलं हं, आप्पा. बिल्कुल चुकलं."

"तू मंजूर केलंस!"

"माझ्या मंजुरीला कोण विचारतं या घरात?"

कोच मध्येच खाकरला. त्याचं या भांडणाकडे लक्षच नव्हतं. तो मैदानाकडे बघत होता. तिथे बाकीची नऊच्या नऊ मुलं न रडता, न मारामारी करता, मानस सांगेल तसं उठत-बसत होती.

"मैडम, एक बात बोलूँ? तीन महीने से मैं इन बच्चों को एक लाइन में बिठाने की कोशिश कर रहा हूँ. इसने चार मिनट में बिठा दिया." त्याने पाठीमागून एक फॉर्म काढला. "एलीट बॅच में इसका नाम डाल देते हैं. कॅप्टन मटीरियल है. फुटबॉल हम सिखा देंगे."

आप्पांनी सलोनीची रिकामी खुर्ची पाहिली आणि तिच्यात बसले. सोमवार ते शुक्रवार, चार ते साडेसहा. म्हणजे संपलंच. रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती. त्यातली सात त्यांनी पेपर वाचण्यात आणि दूधवाल्याच्या चुका काढण्यात घालवली. मग हे पोर झालं, चालू लागलं, आणि एक दिवस चार वाजता येऊन त्यांचं बोट ओढू लागलं, "आजोबा, नीचे चला ना." तेव्हापासून त्यांचा दिवस चार वाजता सुरू व्हायचा. सकाळपासून ते फक्त वाट बघायचे. हे कुणाला कसं सांगतात ते त्यांना येत नव्हतं. अर्ज लिहिता यायचा, म्हणून त्यांनी अर्ज लिहिला.

हेमांगीच्या हातात पेन होतं. मुलगा निवडला गेला होता. वेळेवर, एकोणतीस दिवस आधी, आणि कॅप्टन म्हणून. तिला जे हवं होतं ते कागदावर छापलेलं समोर होतं, फक्त सही करायची. तिने मैदानाकडे बघितलं. मानस जोरात हसत होता. फुटबॉलवरून घरी आलेला मानस असा हसताना तिने पाहिला नव्हता.

"अगले साल डालें तो?" तिने विचारलं.

"अगले साल?" कोचने कीव आल्यासारखा चेहरा केला. "अगले साल तो छह का हो जाएगा, मैडम. बहुत लेट हो जाएगा."

हेमांगी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू यायला लागलं. आधी थोडं, मग आवरेचना.

"मला अकराव्या वर्षी हे ऐकवलं होतं," ती कुणालाही उद्देशून नव्हे, मराठीतच म्हणाली. "आता सहावर आलं. पुढे हे लोक डोहाळजेवणातच ट्रायल घेतील." तिने फॉर्म कोचच्या हातात परत दिला. "होने दो लेट, भैया."

"मैडम, सोच लीजिए..."

"पच्चीस साल सोचा है."

इंद्रजितने सुटकेचा श्वास सोडला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला. सलोनीने टाळी वाजवली. सगळं घर एका क्षणात हेमांगीच्या बाजूला येऊन उभं राहिलं.

"दूर व्हा सगळे," हेमांगी म्हणाली. "मी तुमच्यातल्या एकाच्याही बाजूने नाहीये. मला अजून भयंकर राग आलाय."

"सरला," आप्पा खुर्चीतूनच म्हणाले, "तिला सांग की मी लेखी..."

"आई, तुम्ही काही सांगू नका. मी इथे उभी आहे." हेमांगी त्यांच्यासमोर येऊन थांबली. तिचे डोळे भरले होते. "आप्पा, आपण एका घरात राहतो. तुमच्या-माझ्या खोलीत एक भिंत आहे. अर्ज कसला पाठवता? हाक मारायची."

आप्पांनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मग मी काय करायचं होतं? मला तो हवा असतो गं चार वाजता." आवाज कापला तसे ते चिडले. "दुसरं काय आहे मला?"

"मग भांडायचं होतं! सलोनीशी कसे भांडता? परवा फोनवर तासभर भांडलात, तिने भिंतीला रंग कुठला दिला यावरून. माझ्याशी नऊ वर्षांत एकदाही नाही. एवढी परकी आहे का मी? पाहुणी आहे?"

सरलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सलोनी काही बोलणार होती, तिला त्यांनी चिमटा काढला.

आप्पा उठले. सुनेकडे सरळ बघितलं. बहुधा पहिल्यांदाच.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग ऐक. तू गाडी अत्यंत वाईट चालवतेस."

"काय?"

"अत्यंत. गिअर बदलताना माझा जीव घशात येतो. येताना त्या उड्डाणपुलावर मी डोळे मिटून घेतले होते."

"मग बसता कशाला?"

"घाबरून बसतो! नऊ वर्षं घाबरून बसतोय!"

"आणि तुम्ही बाथरूमचा दिवा कधी बंद करता हो? एकदा तरी? मी रोज उठून बंद करते!"

"तो मी मुद्दाम ठेवतो. मानसला अंधाराची भीती वाटते."

"मानसला नाही वाटत. तुम्हाला वाटते!"

"बरं, मला वाटते! पुढे बोल!"

"बोलतेच आहे. मंगळवार-गुरुवार तो तुमचा. शनिवारी मी येणार पार्कात. पळायला मी शिकवणार, तुम्हाला पळता येत नाही."

"मला? मला पळता येत नाही?" आप्पांचा आवाज पार्किंगपर्यंत गेला. "नाशिकला शाळेत विचार जाऊन! आणि शनिवारी का? मला सोमवारही हवा."

"सोमवारचं बघू. अजून काय आहे मनात? एकदाच सांगून टाका."

"पुष्कळ आहे. यादी आहे."

"गाडीत बसा," हेमांगी किल्ली काढत म्हणाली. "माझीही आहे."

आप्पा मागचं दार सोडून पुढे, तिच्या शेजारी जाऊन बसले. इंद्रजितने मानसला उचलून आणलं आणि सरलाबाईंसह तिघं मागे बसले. घरी, सरोजिनी नगरला, पोचायला वीस मिनिटं लागतात, त्या दिवशी पाऊण तास लागला. हेमांगी भांडणाच्या भरात दोनदा वळण चुकली, आणि दोन्ही वेळा आप्पांनी ते तिला ओरडून सांगितलं.